आईची तब्येत – सगळं इथेच लिहितेय

ताई: आई आता थोडं बोलतेय, पण अजून आयसीयूतच आहे. सगळ्यांचे फोन घेता येत नाहीयेत म्हणून इथेच सांगते. चार दिवस ती नुसती झोपून होती, हाक मारली की हं म्हणायची नि परत डोळे मिटायची, आवाज घोगरा, चेहरा सुजल्यासारखा, आणि खोकला होता पण ताप नाही म्हणून मी निर्धास्त राहिले. काल थर्मामीटर लावला तर पारा ९४ च्या वर सरकेचना, मला वाटलं बिघडलाय, स्वतःला लावून बघितला तर बरोबर ९८.

मामा: अगं ताप नव्हता तर मग एवढं सिरियस कसं झालं??

डॉक्टर वहिनी: मामा तीच तर गोम आहे. आईंना न्यूमोनिया होता, पण थायरॉईड इतकं कमी झालं की शरीराला ताप आणायचीसुद्धा ताकद राहत नाही. याला मिक्सिडिमा कोमा म्हणतात, नावात कोमा असला तरी सगळे बेशुद्ध नसतात. गुंगी किंवा भ्रम, अंग गार, नाडी नि श्वास मंद, त्यात थायरॉईडचा जुना त्रास, एवढ्यावर संशय घ्यायलाच हवा. आईंचं सोडियम पण खूप उतरलेलं. आणि नुसत्या टीएसएचच्या (थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हार्मोनच्या) आकड्यावर जाऊ नका, दोष पिट्युटरीत, म्हणजे ते हार्मोन सोडणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीत असेल तर तो नॉर्मलही येतो, फ्री टी४, म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन, सोबत बघावाच लागतो.

छोटू: पण रिपोर्ट यायच्या आधीच औषध सुरू केलं ना?

डॉक्टर वहिनी: हो, रक्त काढून ठेवायचं पण रिपोर्टसाठी थांबायचं नाही, जीव जाऊ शकतो. आधी हायड्रोकॉर्टिझोन (ॲड्रिनल ग्रंथीच्या हार्मोनचं औषध) मग शिरेतून थायरॉक्सिन (थायरॉईडचं हार्मोन), कारण मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथीही कमजोर असेल तर नुसत्या थायरॉक्सिनने पेशंट आणखी खालावतो.

मामी: मी तर गरम पाण्याची पिशवी दिली असती गं

डॉक्टर वहिनी: नको मामी!! कातडीच्या रक्तवाहिन्या एकदम पसरतात नि बीपी कोसळतं. नुसती पांघरुणं घालायची आणि लगेच हॉस्पिटल.

ताई: तिथे पहिलाच प्रश्न होता, थायरॉईडची गोळी चालू आहे का, मी लगेच हो म्हणाले. रात्री घरी येऊन कपाट उघडलं तर बाटली सीलबंद, तीन महिन्यांपूर्वी आणलेली. लगेच फोन करून कळवलं त्यांना. मामी तुमची पण गोळी आहे ना, आत्ता उठून बाटली बघा.

मामी: थांब, मोजते.