मदत हवी आहे : रुग्णालयासमोर रात्री वाजणाऱ्या हॉर्नबाबत अर्ज कोणाकडे करावा?

नमस्कार,

आम्ही लातूरला औसा रोडलगत राहतो. घरासमोर एक लहानसे खासगी रुग्णालय असून त्याच्या फाटकाजवळच पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल्स रात्री साडेनऊपासून पार अकरापर्यंत प्रवासी घ्यायला थांबतात. मागे राहिलेल्या प्रवाशाला बोलावण्यासाठी, पुढची रिक्षा हटवण्यासाठी किंवा नुसते गाडी निघाल्याचे कळवण्यासाठीही चालक प्रेशर हॉर्न दाबून धरतात. काही गाड्यांना तर एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारे हॉर्न आहेत.

माझ्या आईला उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला होता. आता तिचा उजवा हात थोडा उचलतो आणि रात्रीची गोळी ती स्वतःच्या हाताने घेते, याचे आम्हा सर्वांना फार समाधान आहे. मात्र हॉर्न वाजला की तोच हात दचकून आखडतो आणि फुलपात्रातले पाणी पदरावर सांडते. गेल्या आठवड्यात हे तीनदा झाले. समोरच्या खाटांवरच्या रुग्णांचे काय होत असेल, हा विचार मनातून जात नाही.

मी नियम वाचून काढले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवता येत नाही, आणि तेथे रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. एकाहून अधिक सुरांचे व कर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या ११९ व्या नियमाने मुळातच निषिद्ध आहेत. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ नुसार पहिल्या वेळी १,००० आणि पुढे प्रत्येक वेळी २,००० रुपये दंड आहे. इतके असूनही मी चौकीत दोनदा गेलो तेव्हा "लेखी द्या, बघू" एवढेच उत्तर मिळाले.

जाणकारांना विचारायचे ते असे. ध्वनिप्रदूषण नियमांच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाभोवतीचा परिसर शासनाने घोषित केल्याशिवाय शांतता क्षेत्र ठरत नाही. मग ही घोषणा करून घेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा की महापालिकेकडे, आणि त्यावर रुग्णालयाची सही लागते का? हॉर्नच्या बनावटीबद्दलची तक्रार आरटीओकडे स्वतंत्रपणे द्यावी का? गाडीचा क्रमांक दिसेल असे चित्रीकरण माझ्याकडे आहे, पण मोबाइलवरील ॲपने मोजलेले डेसिबल पुरावा म्हणून कोणी ग्राह्य धरले आहे का?

चालकांशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. त्यांनाही वेळेवर निघायचे असते, आणि एका चालकाला आईविषयी सांगितल्यापासून तो खाली उतरून प्रवाशांना हाक मारतो. पण रोज नव्या चालकाला गाठून हे सांगत राहणे मला शक्य नाही.

मराठवाड्यातील इतर शहरांत, विशेषतः नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला, कोणी असा अर्ज केला असल्यास त्याचा नमुना कृपया येथे द्यावा. येत्या सोमवारी मी रजा घेतली आहे आणि त्याच दिवशी अर्ज देण्याचा विचार आहे.