पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी .३५७ मॅग्नम पुरे, की .४४ हवेच?

कोलंबसकर (धागाकर्ता)

ओहायोत येऊन मला अकरा वर्षे झाली. गेले चार हंगाम मी स्लग (एकसंध जड गोळी) टाकणारी शॉटगन घेऊन हरणाच्या शिकारीला जात आहे आणि यंदा रिव्हॉल्व्हर घेऊन मचाणावर बसायचे ठरवले आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय संपलेलाच आहे. त्यामुळे शिकार करावी की करू नये, हा वाद कृपया इथे आणू नये. इथे रीतसर परवाना मिळतो, हंगाम ठरलेला असतो आणि मारलेले हरीण खाल्ले जाते.

माझ्याकडे सहा इंची नळीचे .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहे. ओहायोचा नियम असा की हँडगनची नळी किमान पाच इंचांची असावी, काडतुसाचे कवच सरळ भिंतीचे असावे आणि कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचांत) .३५७ किंवा त्याहून मोठे असावे. म्हणजे कायद्याच्या अगदी उंबरठ्यावर का होईना, पण मी आतच आहे. तरीही रेंजवर ज्याला विचारावे तो ".४४ घे" एवढेच सांगतो, आणि का घ्यावे असे विचारले की खांदे उडवतो.

म्हणून एका परिचिताचे .४४ मागून घेतले आणि दोन्ही रिव्हॉल्व्हर एकाच दुपारी, चाळीस यार्डांवर, आठ इंची कागदी थाळीवर चालवून पाहिली. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा पट्टा साधारण तेवढाच धरतात. .३५७ च्या पाचपैकी पाच गोळ्या थाळीत गेल्या. .४४ च्या तीनच गेल्या, आणि दुसऱ्या फेरीपासून चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटू लागले होते. माझ्या मचाणासमोर झाडी इतकी दाट आहे की पस्तीस यार्डांपलीकडे मोकळी जागाच नाही. अशा ठिकाणी १५८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचे लहान माप) सॉफ्ट-पॉइंट, म्हणजे मऊ टोकाची, गोळी झाडणारे .३५७ अपुरे आहे, असे म्हणणाऱ्यांनी त्याचे कारण सांगावे.

वऱ्हाडी_डेन्व्हर

कारण आकड्यांत आहे, आणि आमच्या कोलोरॅडोने ते कायद्यात लिहून ठेवले आहे. इथे हरणासाठी हँडगनच्या काडतुसाची ऊर्जा पन्नास यार्डांवर किमान ५५० फूट-पाउंड असावी लागते. कारखान्यात भरलेले १५८ ग्रेनचे नेहमीचे .३५७ काडतूस नळीच्या तोंडाशीच सुमारे ५४० देते आणि पन्नास यार्डांवर ४३० च्या आसपास येते. त्याच अंतरावर .४४ चे २४० ग्रेनचे सौम्य म्हणावे असे काडतूसदेखील सहाशेच्या वर असते. ज्या राज्यात शिकारीची एवढी जुनी परंपरा आहे, तिथे ही रेघ कोणी उगीच ओढली नसणार. तुमच्या राज्याने ती ओढली नाही, एवढ्यावरून .३५७ पुरेसे ठरत नाही.

पाणवठा

वऱ्हाडी_डेन्व्हर यांचे आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, म्हणून हलकी आणि वेगवान गोळी कागदावर नेहमी मोठी दिसते. .३५७ चेच उदाहरण घेऊ. १२५ ग्रेनची होलो-पॉइंट (पोकळ टोकाची) गोळी सेकंदाला १४५० फुटांच्या वेगाने निघते आणि सुमारे ५८० फूट-पाउंड दाखवते. १५८ ग्रेनची गोळी १२४० फुटांनी निघून ५४० दाखवते. ऊर्जेवर विश्वास ठेवणारा माणूस पहिली निवडेल आणि पस्तावेल. कारण ती गोळी माणसापासून बचाव करण्यासाठी घडवलेली असते. ती आत शिरताच फुलते आणि थांबते. फासळीला लागली तर फुप्फुसापर्यंत धड पोहोचेलच याची खात्री नाही. हरणासाठी मी १५८ ग्रेनची सॉफ्ट-पॉइंट किंवा १८० ग्रेनची सपाट नाकाची हार्ड-कास्ट (कडक ओतीव) शिशाची गोळीच वापरीन, ऊर्जेच्या तक्त्यात ती खाली असली तरी.

आणखी एक गोष्ट सांगतो. आधुनिक कंपाउंड धनुष्यातून सुटलेल्या बाणाची ऊर्जा साठ ते ऐंशी फूट-पाउंड असते आणि त्याच ओहायोत, त्याच हरणांवर, तो कायदेशीर आहे. बाण कापत आरपार जातो म्हणून काम होते. गोळी चिरडत जाते, त्यामुळे दोन्हींची तुलना पुरती जुळत नाही हे मला ठाऊक आहे. पण ५५० फूट-पाउंडांखाली हरीण मरतच नाही असे सुचवणाऱ्यांनी बाणाचे काय, हे सांगितले पाहिजे.

सांबरकोंड

मी .४४ च्या बाजूचा आहे, पण ऊर्जेच्या आधारावर नाही, त्यामुळे पाणवठा यांच्याशी माझे भांडण वेगळ्या मुद्द्यावर आहे.

धागाकर्त्यांनी थाळीवर जे मोजले, ते समोर आडव्या उभ्या असलेल्या हरणाचे गणित आहे. मचाणावरून गोळी वरून खाली जाते. आत शिरण्याचे छिद्र पाठीकडे, वर असते. बाहेर पडण्याचे छिद्र, ते पडले तर, छातीच्या तळाशी. रक्ताचा माग पडतो तो या खालच्या छिद्रातून. गोळी आत राहिली, तर फुप्फुसे फुटलेले हरीणदेखील शंभर यार्ड पळते आणि रक्त छातीतच साचत राहते. नोव्हेंबरअखेरच्या संध्याकाळी, ओल्या पाचोळ्यात, असे हरीण मी एकदा साडेतीन तास शोधले आहे. .३५७ ची गोळी, नेम बरोबर फऱ्यामागे, बाहेर पडलेली नाही. हरीण सापडले ते मागामुळे नव्हे, योगायोगाने. त्यानंतर मी .४४ घेतले.

.४४ या नावात थोडी फसवणूक आहे, कारण त्याच्या गोळीचा खरा व्यास ०.४२९ इंच असतो. तरीही ०.३५७ शी तुलना केली तर छिद्राचे क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी अधिक भरते, आणि २४० ग्रेनचे वजन फऱ्याचे हाड फोडूनही पुढे जाते. हरीण जरा तिरके उभे राहिले तर हेच उपयोगी पडते.

जाता जाता, ज्यांच्या आग्रहामुळे १९५५ मध्ये .४४ मॅग्नम जन्माला आले, त्या एल्मर कीथ या अमेरिकी शिकारी-लेखकाचा सहाशे यार्डांवर .४४ ने हरीण मारल्याचा किस्सा .४४ चे भक्त फार सांगतात. ते हरीण सोबत्याच्या गोळीने आधीच जायबंदी झालेले होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. त्या किश्शावरून कोणी .४४ चा पल्ला ठरवू नये.

बिनदिक्कत

एवढ्या वादाऐवजी दहा मिलिमीटर ऑटो घ्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे. हे काडतूस १९८३ पासून बाजारात आहे. २०० ग्रेनची हार्ड-कास्ट गोळी बाराशे फुटांनी सुटते, म्हणजे.३५७ च्या पुढे आणि .४४ च्या मागे, आणि पिस्तुलाची सरकपट्टी धक्क्याचा काही भाग खाते. मॅगझिनमध्ये पंधरा गोळ्या असतात, हा लाभ निराळा.

वऱ्हाडी_डेन्व्हर

बिनदिक्कत, ग्लॉक २० या दहा मिलिमीटरच्या पिस्तुलाची नळी ४.६ इंचांची असते. ती घेऊन धागाकर्ते ओहायोच्या रानात गेले तर हरणाआधी तेच वनरक्षकाच्या हाती सापडतील. लांब नळीचे ग्लॉक ४० नियमात बसते, पण शेजारच्या पेनसिल्व्हेनियात गेले की अर्धस्वयंचलित हँडगन मोठ्या शिकारीला चालतच नाही. आणि पंधरा गोळ्यांची गरज भासणार असेल, तर त्या माणसाने मचाणावरून खाली उतरावे हे बरे.

रानफूल

मला मूळ हट्टच समजलेला नाही. ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसाच्या रायफली चालतात, आणि .३५७ त्यांत बसते. हेच १५८ ग्रेनचे काडतूस सोळा इंची लिव्हर-अ‍ॅक्शन कार्बाइनमधून (आखूड रायफलीतून) झाडले तर वेग साडेसतराशे फुटांच्या पुढे जातो आणि ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. धक्का खांद्यावर जातो आणि डोळे मिटत नाहीत. मी स्वतः गेली तीन वर्षे तीच वापरते. ज्या दोषाला तुम्ही कॅलिबर बदलून उत्तर शोधता आहात, तो हातात धरलेल्या आखूड नळीचा आहे. मग हौसेखातर हरणाने का सोसावे?

एक किरकोळ गोष्ट: मॅग्नम रिव्हॉल्व्हर कोणतेही असो, कानांवर इलेक्ट्रॉनिक मफ घातल्याशिवाय मचाणावर बसू नका. एका बारातही कायमचे नुकसान होऊ शकते.

कोलंबसकर (धागाकर्ता)

रानफूल, हौस आहे हे मी नाकारत नाही. पण धनुष्य घेऊन बसणाऱ्याला कोणी रायफल का घेतली नाहीस असे विचारत नाही. जवळ यावे लागते, थांबावे लागते आणि पुष्कळदा गोळी न झाडताच परतावे लागते, म्हणूनच मला हे करायचे आहे. मफ घेतले आहेत.

सांबरकोंड यांच्या छिद्राच्या मुद्द्याला माझ्यापाशी उत्तर नाही, कारण थाळीला आत-बाहेर नसते आणि मी तो विचारच केला नव्हता. पण मग डोळे मिटण्याचे काय करायचे? ४४ टक्के मोठे छिद्र पोटात पडले तर त्याचा कोणालाच उपयोग नाही.

सांबरकोंड

डोळे मिटतात ते .४४ मुळे नव्हे, पूर्ण भरलेल्या .४४ मुळे. घरी काडतुसे भरणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडून २४० ग्रेनची सपाट नाकाची हार्ड-कास्ट गोळी, वेग हजार फुटांवर आणून, भरून घ्या आणि तेच रिव्हॉल्व्हर चालवून पाहा. कागदावर तिची ऊर्जा ५३० फूट-पाउंड भरते, म्हणजे तुमच्या .३५७ एवढीच, आणि कोलोरॅडोत ती नापास होईल. तुमच्या पस्तीस यार्डांवर मात्र ती आरपार जाईल, आणि .४४ च्या जड रिव्हॉल्व्हरमध्ये तिचा धक्का तुम्हाला ओळखीचा वाटेल.

पाणवठा

ऊर्जा तेवढीच आणि काम अधिक, म्हणजे सांबरकोंड यांनी माझाच मुद्दा .४४ च्या खिशात घातला. पण एक शंका राहते. हंगामाला पाच आठवडे उरले असताना नवे रिव्हॉल्व्हर, नवे काडतूस आणि नवा चाप यांची सवय होईल का? आधीपासून हाताळलेले .३५७, १८० ग्रेनची हार्ड-कास्ट गोळी आणि हरीण समोर आडवे उभे राहीपर्यंत थांबायची तयारी, एवढ्यावर यंदाचा हंगाम निघू शकतो. तिरक्या हरणावर गोळी झाडायचीच नाही असे ठरवले, तर सांबरकोंड यांचे फऱ्याचे हाड मध्ये येतच नाही.

कोलंबसकर (धागाकर्ता)

यंदा .३५७ आणि १८० ग्रेन. त्या गोळीला नेमाचा बिंदू बदलतो का, ते या शनिवारी रेंजवर पाहीन. माझे मचाण अठरा फुटांवर आहे. हरीण दहा यार्डांवर आले तर कोन फार उभा होतो आणि एकच फुप्फुस सापडण्याची भीती असते, म्हणून ते वीस यार्डांपलीकडे सरकेपर्यंत थांबेन. .४४ हंगाम संपल्यावर, मिटलेल्या डोळ्यांचा बंदोबस्त करायला.

सांबरकोंड

मचाण बारा फुटांवर उतरवता आले तर तेही करा. आणि गोळी लागल्यावर अर्धा तास खाली उतरू नका.