अनुभव धागा : शट डाउन केले, पण लॅपटॉप बंद झालाच नाही

अर्धोन्मीलित

काल एका नातेवाइकांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढवून दिले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले, तेव्हापासून त्यांचा तगादा चालू होता. सगळे यथासांग पार पडले आणि रात्री त्यांचा फोन आला, "पडदा काळा झाला आहे, पण आत काहीतरी घुमते आहे." एवढे एक वाक्य कानावर पडले आणि मला थेट २०१५ चा तो पावसाळा आठवला.

त्या वर्षी जुलैअखेरीस विंडोज १० आले आणि फुकट मिळते आहे म्हणून मी पहिल्याच आठवड्यात ते चढवले. त्यानंतर शट डाउन म्हटले की पडदा जायचा, डिस्कची कुरकुर थांबायची, पण पंखा फिरत राहायचा आणि पॉवर बटणातला पांढरा दिवा जळतच असायचा. बटण चार-पाच सेकंद दाबून धरल्याशिवाय सुटका नव्हती. झोपवण्याची गत त्याहून वाईट होती, कारण झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपायचा की बेशुद्ध पडायचा हेच कळत नसे. झाकण उघडल्यावर पंखा जोरात सुरू व्हायचा आणि पडदा मात्र काळाच राहायचा.

मी दोनदा सगळे पुसून नव्याने विंडोज बसवले, बायोस (विंडोजच्या आधी यंत्र जागे करणारा प्रोग्रॅम) अद्ययावत केले, रॅमच्या पट्ट्या काढून परत लावल्या. तिसऱ्या आठवड्यात मूळ सापडले, ते असे की चिपसेटमधल्या (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांमधल्या) मॅनेजमेंट इंजिन या छोट्या नियंत्रकाशी बोलणाऱ्या ड्रायव्हरची (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) ११ क्रमांकाची नवी आवृत्ती अपडेटने परस्पर बसवली होती आणि ती माझ्या जुन्या पिढीच्या यंत्राला मानवत नव्हती. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ९ क्रमांकाची आवृत्ती उतरवून बसवली आणि पुढच्याच शट डाउनला सातव्या सेकंदाला दिवा विझला. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवल्याचे घरातले अजून सांगतात. दोन दिवसांनी अपडेटने पुन्हा ११ आणून बसवली आणि मग ते अपडेट लपवून ठेवण्याचा उपद्व्याप करावा लागला, तो भाग वेगळा.

आपलेही असे अनुभव असतील तर लिहावेत. "फॉरमॅट मारा" एवढाच सल्ला कृपया नको. नेमके काय अडले होते आणि कशाने सुटले, ते हवे आहे.

खटपट्या

नातेवाइकांच्या लॅपटॉपवर फास्ट स्टार्टअप चालू आहे का, ते आधी पाहावे. या सोयीमुळे विंडोज ८ पासून शट डाउन या शब्दाचा अर्थच बदलला आहे आणि हे बहुतेकांच्या गावीही नसते. आपण शट डाउन म्हणतो तेव्हा आपली खिडक्या-प्रोग्रॅमची मांडणी बंद होते खरी, पण सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर यांची त्या क्षणाची अवस्था डिस्कवर हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये उतरवून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच जशीच्या तशी उचलून लॅपटॉप सुरू होतो. त्यामुळे एखादा ड्रायव्हर अडखळलेला असेल, तर तो त्याच अडखळलेल्या अवस्थेत रोज सकाळी परत येतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र खरी कोरी सुरुवात होते, म्हणूनच "बंद करून चालू केले तरी जात नाही, पण रीस्टार्ट केले की जाते" अशा तक्रारी ऐकू येतात.

पुरावा हवा असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयूवर टिचकी मारून अप टाइम हा आकडा पाहावा. मी रोज रात्री इमानदारीने लॅपटॉप बंद करत होतो आणि तिथे २३ दिवस, ४ तास असे लिहिलेले होते. आकडा वाचून क्षणभर कोणीतरी आपल्याला इतके दिवस फसवत होते असे वाटले.

उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' येथे जाऊन आधी 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' दाबावे, मग फास्ट स्टार्टअपची खूण काढता येते. एकदाच खरे शट डाउन करून पाहायचे असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर टिचकी मारावी.

कोपऱ्यातली खुर्ची

आमच्या घरी त्या न विझणाऱ्या दिव्याला नंदादीप म्हणतात.

निशाचर

माझी तक्रार नेमकी उलटी आहे, कारण माझा लॅपटॉप झोपतो, पण रात्री आपण होऊन उठतो. नवी सिस्टिम बसवल्यानंतर चौथ्या की पाचव्या रात्री अडीचच्या सुमारास खोलीत निळसर उजेड पडला. टेबलावर लॅपटॉप लॉक स्क्रीनवरचे डोंगराचे चित्र दाखवत शांतपणे जागा होता. दुसऱ्या रात्रीही तेच घडले. तिसऱ्या रात्री मी त्याचे तोंड भिंतीकडे करून झोपले, हा काही उपाय नव्हे हे मला मान्य आहे.

खटपट्या

@निशाचर, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी या आदेशापुढे जागा सोडून स्लॅश आणि लास्टवेक लिहावे. शेवटचे कोणी उठवले ते तिथे दिसते. लास्टवेकऐवजी वेकटायमर्स लिहिल्यास पुढचा गजर कोणी लावून ठेवला आहे तेही कळते. बहुधा अपडेटचे किंवा देखभालीचे एखादे ठरलेले काम निघेल, नाहीतर माउस किंवा नेटवर्क कार्ड.

निशाचर

सांगितल्याप्रमाणे केले. नेटवर्क कार्ड निघाले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर 'अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' ही खूण होती, ती काढून टाकली आहे. त्याच झटक्यात माउसचीही काढली. आज रात्री पाहते.

तापलेली पिशवी

या धाग्यावर पिशवीतल्या लॅपटॉपबद्दल अजून कोणीच कसे लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. माझे नावच त्यावरून पडले आहे.

जुन्या लॅपटॉपचे झाकण मिटले की तो एस ३ या अवस्थेत जायचा, म्हणजे रॅमला जेमतेम वीज मिळायची आणि बाकी सगळे गाढ झोपायचे. नवा लॅपटॉप घेतला, त्यावर नवी सिस्टिम आली, आणि झाकण मिटून मी तो नेहमीच्या सवयीने पाठीवरच्या पिशवीत टाकला. तासाभराने पाठीला ऊब लागायला लागली. पिशवी उघडली तर आतून गरम वाफ यावी तशी हवा आली, पंखा पूर्ण वेगाने ओरडत होता, लॅपटॉपच्या तळाला बोट टेकवत नव्हते, आणि सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी ३१ टक्क्यांवर आली होती. शेजारी ठेवलेल्या वहीचे प्लॅस्टिकचे वेष्टन एका कोपऱ्यात आक्रसून गेले होते. ती वही मी पुरावा म्हणून अजून जपून ठेवली आहे.

कारण असे की अनेक नव्या लॅपटॉपवर एस ३ उरलेलेच नाही. त्याजागी मॉडर्न स्टँडबाय आहे, ज्यात पडदा बंद होतो पण यंत्र फोनसारखे अधूनमधून जागे होऊन टपाल पाहते, नेटवर्कशी बोलते आणि पुन्हा पेंगते. सगळे ड्रायव्हर शिस्तीत वागले तर यात वीज फारच थोडी जाते, पण एखाद्याने गोंधळ घातला की प्रोसेसर खोल झोपेत उतरतच नाही आणि वरून पाहणाऱ्याला लॅपटॉप झोपलेलाच दिसतो. झोपलेल्याला उठवता येते, सोंग घेतलेल्याला नाही, असे म्हणतात. इथे सोंग घेतलेल्याला झोपवायचे कसे हा प्रश्न होता.

पॉवरसीएफजी स्लॅश स्लीपस्टडी या आदेशाने मागच्या तीन दिवसांतल्या झोपेचा अहवाल तयार होतो आणि तो ब्राउझरमध्ये उघडता येतो. माझ्या अहवालात त्या प्रवासाची पट्टी लाल होती आणि खाली ध्वनीच्या ड्रायव्हरचे नाव सर्वांत वर होते. उत्पादकाच्या पानावरून ध्वनीचा ड्रायव्हर नवा घेतल्यावर बराच फरक पडला. तरीही विश्वास उडाला तो उडालाच, त्यामुळे आता झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावे, म्हणजे सगळे डिस्कवर उतरवून वीज तुटावी, असे ठरवून ठेवले आहे. उठायला काही सेकंद जास्त लागतात, पण पाठ थंड राहते.

जुनी वही

आपल्या लॅपटॉपवर एस ३ आहे की नाही, हे कसे ओळखावे? मला हायबरनेट हा पर्याय मेनूत कुठेच दिसत नाही.

तापलेली पिशवी

ताई, पॉवरसीएफजी स्लॅश ए लिहून पाहा. उपलब्ध अवस्थांची यादी येते आणि ज्या नाहीत त्यांच्यापुढे कारणही छापलेले असते. हायबरनेट बहुतेक ठिकाणी मुळात लपवलेला असतो. वर फास्ट स्टार्टअपची खूण जिथे सांगितली आहे, त्याच पानावर खाली हायबरनेटची खूण आहे. तिथेही ती नसेल तर कोणीतरी पूर्वी जागा वाचवण्यासाठी हायबरनेशन बंद करून ठेवले असेल, कारण ती फाइल सहज काही जीबी अडवते.

जुनी वही

बंदच केलेले निघाले. मीच केले होते म्हणे. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात ती नोंद आहे.

दोन घरचा पाहुणा

मी एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही ठेवतो, त्यामुळे दोन्हीकडच्या त्रासाचा वाटेकरी आहे. विंडोजची आवृत्ती बदलल्यावर फास्ट स्टार्टअप गुपचूप पुन्हा चालू झाले होते. उबुंटूमध्ये शिरलो तर विंडोजच्या विभाजनातील (डिस्कच्या त्या भागातील) फाइल उघडत होत्या, पण जतन होत नव्हत्या. डिस्क गेली या भीतीने रात्रभर बॅकअप घेत बसलो. प्रत्यक्षात विंडोज अर्धवट झोपलेले होते आणि दुसऱ्याच्या झोपेत ढवळाढवळ करायची नाही म्हणून उबुंटूने ते विभाजन केवळ वाचण्यापुरते जोडले होते, म्हणजे शहाणपणा त्याचाच होता.

उबुंटूच्या बाजूलाही सगळे आलबेल नव्हते. तिथली आवृत्ती बदलल्यावर शट डाउन करताना काळ्या पडद्यावर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' अशी ओळ यायची आणि १ मिनिट ३० सेकंदांपर्यंत घड्याळ मोजले जायचे. नेटवर्कवरचे एक सामायिक फोल्डर कायमचे जोडून ठेवले होते. वायफाय आधी तुटायचे आणि मग त्या फोल्डरचा निरोप घेण्यासाठी यंत्र ९० सेकंद वाट पाहत राहायचे. ते फोल्डर लागेल तेव्हाच जोडले जाईल अशी व्यवस्था केली आणि प्रश्न मिटला. मागच्या वेळी नेमके काय अडले होते ते पाहायचे असेल, तर जर्नलसीटीएल या उबुंटूच्या आदेशाला मागील बूटच्या (मागच्या वेळी यंत्र चालू असतानाच्या) नोंदी मागाव्यात, शेवटच्या वीस-पंचवीस ओळींत चोर सापडतो.

कबुलीजबाब

इथे सगळे ड्रायव्हरला दोष देत आहेत, म्हणून स्वतःचा गुन्हा कबूल करतो. फार वर्षांपूर्वी कुठेतरी वाचून मी रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) शट डाउनच्या वेळी पेजफाइल (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची डिस्कवरची फाइल) पुसून टाकण्याची सूचना चालू केली होती. सुरक्षेसाठी ती आहे, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी ठेवावी. मी ती विसरून गेलो. त्यानंतर जुन्यावरच नवी सिस्टिम चढवत गेलो, सूचना रजिस्ट्रीबरोबर पुढे पुढे येत राहिली, आणि पेजफाइल मोठी होत गेल्यावर संथ डिस्कवर लॅपटॉप बंद व्हायला सहा-सात मिनिटे लागू लागली. मी मात्र प्रत्येक नव्या आवृत्तीला शिव्या घालत होतो. एका अंकाच्या जागी शून्य लिहिले आणि वीस सेकंदांत लॅपटॉप बंद झाला. त्या दिवशी मी कोणालाच काही बोललो नाही.

घाईत आहे

माझाही दिवा विझत नाही. पंखा बंद आहे, गरमही होत नाही, पण बाजूचा एक बारीक दिवा रात्रभर जळतो. विंडोज ११ केल्यापासूनच आहे. वरचे सगळे उपाय करून झाले.

अर्धोन्मीलित

चार्जर लावलेला असतो का? एकदा चार्जर काढून पाहावे.

घाईत आहे

काढला. विझला. कृपया माझा वरचा प्रतिसाद वाचू नये.

अर्धोन्मीलित

नातेवाइकांच्या लॅपटॉपचा वृत्तान्त. फास्ट स्टार्टअपची खूण काढल्यावर पंखा थांबला, पण दिवा दहापैकी तीन-चार वेळा राहायचाच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी पाहिल्या तर कर्नल-पॉवर ४१ ची रांग लागली होती, म्हणजे प्रत्येक वेळी बटण दाबून गळा आवळल्याची खूण. त्याच्या आधीच्या ओळींत काहीच नव्हते, याचा अर्थ विंडोजने आपले काम संपवले होते आणि वीज तोडण्याच्या शेवटच्या पायरीवर फर्मवेअर (बायोससारखा यंत्रातच बसवलेला प्रोग्रॅम) अडत होते. चार्जर काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरले, मग उत्पादकाच्या पानावरून बायोस आणि चिपसेटचा ड्रायव्हर दोन्ही घेतले. आज सलग बारा वेळा बंद-चालू करून पाहिले आणि बाराही वेळा दिवा विझला. नातेवाईक म्हणाले की आता पुरे, त्याचे बटण झिजेल. दहा वर्षांपूर्वीची शिकवण एवढीच कामी आली की या वेळी फॉरमॅट केले नाही.

निशाचर

माझाही वृत्तान्त देते. पाच रात्री शांततेत गेल्या आणि काल सव्वातीनला पुन्हा उजेड पडला. सकाळी उठून आधी लास्टवेक चालवले. या वेळी कारण म्हणून 'पॉवर बटण' असे स्पष्ट लिहून आले आहे. चिरंजीव अजून झोपलेले आहेत; उठले की चौकशी होईल.