मदत हवी आहे: अ‍ॅम्बेसेडर मार्क २ मधलं बदललेलं इंजिन मूळ कुठलं, हे कसं ओळखावं? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९६७ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क २ आहे, पेट्रोल. गाडी चालू आहे, पण आतलं इंजिन तिच्यासोबत उत्तरपाड्याहून, म्हणजे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यातून, आलेलं नाही. ते मधे बदललं गेलं. कुठल्या गाडीतून काढून आमच्या गाडीत बसवलं, हे मला शोधायचं आहे. जुन्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनांवर ज्यांनी हात काळे केले आहेत त्यांनी कृपया वेळ काढून वाचावं.

गाडी आजोबांची. काटोलकडे संत्र्याची बाग होती, त्या फेऱ्यांसाठी घेतलेली. एका उन्हाळ्यात अमरावती रोडवर पाणी संपलं, इंजिन तापलं आणि ब्लॉकला तडा गेला. कामठी रोडवरच्या एका मिस्त्रींनी दुसरं इंजिन आणून बसवलं. ते मिस्त्री आता हयात नाहीत. बाबांना त्यांचं एक वाक्य पक्कं आठवतं: "काकाजी, विलायती टाकून देल्लं, आता पाहाचं काम नाही." आत्याचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या मते इंजिन कामठी छावणीतल्या लिलावाच्या मालातलं होतं. साल कुणालाच नीट सांगता येत नाही, पण एशियाडसाठी घरी रंगीत टीव्ही आला त्याच्या आधी हे झालं यावर दोघांचं एकमत आहे. म्हणजे १९८२ च्या आधी.

या एका गोष्टीने बरेच पर्याय आपोआप गळतात. हिंदुस्थान मोटर्सचीच कॉन्टेसा १९८४ ची, त्यामुळे तिचं १५०० चं इंजिन असू शकत नाही. इसुझूचं १८१७ सीसी तर त्याच्याही नंतरचं, शिवाय त्याचा कॅमशाफ्ट हेडमध्ये असतो. आमच्या इंजिनात तो ब्लॉकमध्ये आहे, वर पुशरॉड आणि रॉकर. कार्बोरेटर आणि दोन्ही मॅनिफोल्ड डावीकडे, प्लग आणि डिस्ट्रिब्युटर उजवीकडे. नटबोल्टला इंची पाने बसतात, अर्धा इंच आणि नऊ सोळांश. तेव्हा हे बीएमसीचं बी सिरीज (अनेक गाड्यांत बसवलेलं इंजिनांचं एक घराणं) आहे, यात मला शंका नाही. प्रश्न आहे तो कुठलं बी सिरीज, याचा.

नंबरची भानगड मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण खरा घोळ तिथेच आहे. या इंजिनांचा नंबर ब्लॉकच्या उजव्या अंगाला, वरच्या बाजूला रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. आमच्याकडे पट्टी नाही, फक्त रिव्हेटची भोकं उरली आहेत. त्याच्याच खाली हाताने पंच मारून नंबर ठोकलेला आहे, आकडे वरखाली झालेले. आणि तो नंबर आरसी बुकातल्या नंबराशी तंतोतंत जुळतो! म्हणजे तडा गेलेल्या ब्लॉकचा नंबर मिस्त्रींनी नव्या ब्लॉकवर उतरवला असणार. कागदावर सगळं जुळतंय, पण ब्लॉक मात्र दुसराच.

हे आत्ताच का उकरतोय, तर गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली खासगी गाडी त्यात बसते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशीही अट आहे. नंबर जुळतोय तर गप्प राहा, असं मला दोघातिघांनी सुचवलं. मला ते करायचं नाही. अर्जावर सही माझी असणार, आणि जे खरं आहे तेच मला तिथे लिहायचं आहे. हिंदुस्थान मोटर्सचंच त्या काळातलं १४८९ सीसी निघालं, तर ते पुराव्यानिशी लिहीन. विलायती निघालं, तर तसं लिहीन, मग आरटीओ काय ठरवायचं ते ठरवेल.

आता अडचण मापाची. स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) मोजून काही कळत नाही, कारण बी सिरीजमधलं १४८९ सीसी, १६२२ सीसी आणि एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसी या तिघांचाही स्ट्रोक ८८.९ मिमीच. फरक बोअरमध्ये (सिलिंडरच्या व्यासात) आहे: अनुक्रमे ७३.०, ७६.२ आणि ८०.३ मिमी. जुन्या इंजिनाचं एकदा तरी बोअरिंग झालेलं असणार हे धरलं, तरी चाळीस थाऊ (इंचाचे हजारांश) ओव्हरसाईजमध्ये बोअर एक मिलिमीटरनेच वाढतो. त्यामुळे ७४ आणि ७६.२ मध्ये गल्लत होणार नाही. त्या मिस्त्रींचं 'विलायती' खरं असेल, तर ऑस्टिन केम्ब्रिज ए६० किंवा मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज सिक्सचं १६२२ असण्याची शक्यता मला जास्त वाटते. मात्र केम्ब्रिज ए५५ चं निघालं तर तेही १४८९ च, मग बोअर मोजूनही उलगडा होणार नाही.

बोअर मोजायचा तर हेड उघडावं लागेल. इंजिन मेच्या उन्हातही सुरेख चालतंय, टॅपेटचा आवाज नाही, धूर नाही. आमचे सध्याचे मेकॅनिक म्हणतात, "चालत्या इंजिनाचं हेड कायले उघडता, भाऊ?" मलाही ते पटतं.

म्हणून हेड न उघडता एक उपाय डोक्यात आहे. एका सिलिंडरच्या प्लगच्या जागी नळी घट्ट बसवायची, तिचं दुसरं टोक पाण्यात उलट्या धरलेल्या मापाच्या बरणीत सोडायचं, आणि कॉम्प्रेशनच्या फेरीत दोन्ही वाल्व्ह मिटलेले असताना पिस्टन हाताने सावकाश वर न्यायचा. १४८९ असेल तर साधारण ३७२ घनसेंमी हवा बाहेर पडेल, १६२२ असेल तर ४०५. रिंगांमधून थोडी हवा निसटणार, पण ३३ चा फरक कळायला हवा. हे कुणी करून पाहिलं आहे का? वाल्व्ह मिटण्याची नेमकी वेळ साधत नाही म्हणून आकडा कमी येतो का?

रंगाबद्दलही विचारायचं आहे. वरचा काळा खरवडला तर खाली गडद हिरवा लागतो. आत्या म्हणते हाच लष्करी रंग. पण बीएमसीच्या बऱ्याच इंजिनांना विलायतेतही हिरवाच रंग असायचा, त्यामुळे एवढ्यावरून मी काही ठरवत नाही. लष्कराच्या लिलावातली अ‍ॅम्बेसेडर किंवा तिचं सुटं इंजिन ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी सांगावं: ब्लॉकवर किंवा रॉकर कव्हरवर बाणाची खूण, वर्कशॉपची पट्टी, असं काही सापडतं का, आणि नेमकं कुठे बघायचं?

पुढच्या महिन्यात ऑइल बदलताना सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवणारच आहोत. तेव्हा मेन बेअरिंग (क्रँकशाफ्टला आधार देणारी) मोजता येतील. पाच निघाली तर १९६४ च्या शेवटानंतरचं १७९८ म्हणता येईल, तीन निघाली तर १४८९, १६२२ की एमजीबीचं त्याआधीचं १७९८ हा प्रश्न तसाच राहील. क्रँकवर किंवा सम्पच्या आतल्या बाजूला ओतकामाचे आकडे असतील तर भारतीय आणि इंग्लिश ओतकामात फरक कसा ओळखायचा?

आणि एक विनंती. ज्यांच्याकडे १९६३ ते १९७५ मधली मार्क २ मूळ इंजिनासह आहे, त्यांनी नंबरपट्टीचा आणि ब्लॉकच्या उजव्या अंगाचा फोटो टाकता आला तर टाकावा. नंबराचे शेवटचे आकडे झाकले तरी चालेल, मला सुरुवातीची अक्षरं आणि पट्टीच्या रिव्हेटमधलं अंतर हवं आहे. आमच्या ब्लॉकवरच्या दोन भोकांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत किती अंतर आहे ते उद्या उजेडात व्हर्नियरने मोजून इथेच लिहितो.