रक्ततपासणीतल्या 'मार्कर'ला मराठीत काय म्हणावं?

अत्यवस्थ नवजात बाळांच्या रक्ततपासण्यांवर पालकांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. 'जगण्याचं भाकीत करणारे रक्तनिर्देशक' असा शब्दप्रयोग केलाय, पण तो वाचून आईबापांच्या पोटात गोळाच येईल. दुसरं काही सुचतं का?

---

'भाकीत' आधी काढा. ते ऐकलं की माणसाला वाटतं, ठरलंच आता. मी नवजात अतिदक्षता विभागात काम करते. ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तातलं लॅक्टेट वाढतं. पण एकदा वाढलेलं दिसलं म्हणून लगेच कुणी काही बोलत नाही. काही तासांनी टाचेला टोचून पुन्हा दोन थेंब घ्यायचे आणि आकडा उतरतोय का ते बघायचं. उतरला की आमचाही जीव भांड्यात पडतो. ते थेंबही जपूनच घ्यावे लागतात, कारण किलोभराच्या बाळाच्या अंगात रक्त असतं सगळं मिळून 80 ते 100 मिलिलिटर. सीआरपीची, म्हणजे संसर्ग झाला की रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाची, तऱ्हा वेगळी. संसर्ग सुरू झाल्यावर ते वाढलेलं दिसायला 10-12 तास जातात, त्यामुळे पहिला आकडा कमी आला म्हणजे सुटलो असं नसतं. इतक्या उशिरा बोलणाऱ्या घटकाला भाकीत करणारा कसं म्हणायचं? 'सूचक' म्हणा.

---

'सूचक'ला अनुमोदन. 'लक्षण' मात्र नको, ते बाहेरून दिसतं किंवा रोग्याला जाणवतं. मृत्यू जवळ आल्याचं सुचवणाऱ्या चिन्हांना आयुर्वेदात 'अरिष्ट' म्हणतात, चरकसंहितेचा 'इंद्रियस्थान' हा विभाग त्यावरच आहे. अर्थाने फार जवळचा शब्द, पण आजच्या मराठीत अरिष्ट म्हणजे संकट, तेव्हा पालकांसमोर तो आणूच नये. डॉक्टरांसाठीच्या लेखात 'साध्यासाध्यता', म्हणजे रोगी बरा होण्याजोगा आहे की नाही, हा शब्द चालेल. आणि मजकुरात कुठे 'अर्भक' असेल तर तेही तपासा. नवजात म्हणजे पहिल्या 28 दिवसांतलं, अर्भक वर्षापर्यंतचं.

---

दोघांचेही मनापासून आभार. 'अर्भक' दोन ठिकाणी होतं, बदललं. शीर्षकात 'रक्तातले सूचक घटक' घेतलंय. आतल्या वाक्यात 'सूचना मिळते' लिहून पाहिलं, पण सूचना म्हटलं की फलकावरची नोटीस आठवते, म्हणून 'कल्पना येते' केलं. आता मजकूर असा आहे:

'या तपासण्यांवरून बाळाची तब्येत सुधारते आहे की ढासळते आहे, याची कल्पना येते. एका आकड्यावरून बाळ वाचेल की नाही हे ठरत नाही, म्हणून डॉक्टर रक्त पुन्हा पुन्हा तपासतात.'