मदत हवी आहे: गो भाषेतल्या डेटा रेसने (एकच डेटा लॉकशिवाय एकाच वेळी वापरला जाणं, त्यात निदान एक लेखन) मेमरी बिघडू शकते, मग लॉक कोणतं लावू?

मंडळी, गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) आहे म्हणजे मेमरी सेफ, हे जावापुरतं पटतं. रेस झाली तर उत्तर चुकेल, पण रेफरन्स अर्धवट लिहिलेला कधी दिसत नाही. गोमध्ये इंटरफेस व्हॅल्यू (कुठल्याही टाइपचा डेटा धरू शकणारी) मेमरीत दोन वर्डची: एक टाइपसाठी, एक डेटासाठी. लॉक नसेल तर वाचणाऱ्या गोरुटीनला (गोमधला हलका थ्रेड) टाइप नवा आणि डेटा जुना मिळू शकतो. स्लाइसचं (गोमधली यादी: डेटाचा पॉइंटर, लांबी, क्षमता) त्याहून वाईट, नवी लांबी आणि जुना पॉइंटर जुळले की गेलो हद्दीबाहेर!

आमच्या सर्व्हिसचं कॉन्फिग अशाच एका ग्लोबल इंटरफेसमध्ये आहे आणि चालू असतानाच बदलतं. रेस डिटेक्टर (रेस शोधणारं गोचं टूल) गप्प आहे, पण तो चालवताना प्रत्यक्ष घडलेलीच रेस पकडतो, त्यामुळे त्यावर माझा भरवसा नाही. वाचन सतत, लेखन क्वचित. इथे अ‍ॅटॉमिक पॉइंटर (एका झटक्यात अख्खा बदलणारा) पुरेल की आरडब्ल्यूम्युटेक्सच (एका वेळी अनेक वाचक किंवा एकच लेखक आत सोडणारं लॉक) हवा? प्रॉडक्शनमध्ये कुणी काय वापरलंय?