विश्रामबागला कॉमिक्सचं दुकान टाकायचं म्हणतोय, दुकानात नक्की काय पाहिजे?

भडंगप्रेमी:
राम राम मंडळी. विश्रामबागला आमचा १० बाय १४ चा गाळा आहे. मोबाईल रिपेअरिंगवाला दिवाळीत सोडून गेला तेव्हापासून कुलूप. वडील म्हणतात झेरॉक्स टाक, आई म्हणते मॅचिंग सेंटर टाक आणि माझ्या डोक्यात घुसलंय कॉमिक्सचं दुकान. सांगलीत चालंल का नाही हे विचारत नाही, ते घरी रोज ऐकतोय. मला एवढंच सांगा की तुम्ही कुठल्या पुस्तकाच्या दुकानात परत परत गेला आणि का गेला. फर्निचरवाला रॅकचं माप मागतोय, लवकर सांगा.

कवटीची_अंगठी:
फर्निचरवाल्याला आधी एक बाकडं करायला सांग, रॅकचं नंतर बघू.

आमच्या लहानपणी मिरजेत एका जिन्याखाली भाड्यानं कॉमिक्स देणारा होता, दुकान म्हणजे काय तर एक दोरी, तिच्यावर मधे उघडून लटकवलेली इंद्रजाल कॉमिक्स, खाली पोतं, पोत्यावर आम्ही पाच-सहा पोरं. घरी न्यायचं तर डिपॉझिट, तिथंच बसून वाचलं तर चार आणे. इंद्रजाल १९६४ ला चालू झालं आणि १९९० ला बंद पडलं, मी त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं पकडली, मराठीतला वेताळ म्हणजे फँटम, मॅन्ड्रेक आणि नंतर आपला बहादूर. त्या माणसाकडं एक लांबडी वही होती, त्यात प्रत्येक पोराच्या नावाखाली वाचलेले नंबर. आम्ही वाचलेलंच परत उचलायला लागलो की तो वही न बघताच म्हणायचा, "हे झालंय तुझं, ते घे." स्वतः वाचायचा का नाही माहीत नाही, बहुतेक नसावा. पण कोण कुठं अडकलंय ते त्याला पाठ होतं. नंतर पुण्यात लई एसीवाली दुकानं बघितली, असला माणूस एकात नाही भेटला.

ओनिगिरी_मिरज:
काका भारी लिहिलंय 😄 पण आता इंद्रजाल कुठनं आणणार, आमच्या हॉस्टेलवर सगळी मांगा म्हणजे जपानी कॉमिक्सवाली जनता आहे.

माझं एकच म्हणणं, सिरीज अर्धवट ठेवू नका प्लीज. मी एका मोठ्या दुकानात गेले (नाव नको) तर खंड १, २ आणि डायरेक्ट ७. मग ३ विचारला तर "मॅडम ऑनलाइन मागवा." अहो मग मी घरीच बसले असते ना. वन पीसचे शंभराच्या वर खंड आहेत, ते सगळे १० बाय १४ मध्ये ठेवले तर तुम्ही बाहेर बसाल, त्यामुळं नव्या गिऱ्हाइकाला आधी संपणारं काहीतरी द्या, डेथ नोटची गोष्ट १२ खंडांत संपते, डेमन स्लेयर २३ मध्ये. पोरांना चारशे-पाचशेचा एक खंड घेताना शेवट कधी येणार हे कळलं पाहिजे, आमचा पॉकेटमनी तेवढाच असतो.

आणि प्रत्येक सिरीजचा पहिला खंड प्लॅस्टिक फाडून उघडा ठेवा. चित्रं आवडली तर पुढचं घेणार ना. अजून एक, मांगा उजवीकडून डावीकडं वाचतात, आपण ज्याला मागची बाजू म्हणतो तिथं कव्हर असतं. एका प्रदर्शनात स्टॉलवाल्या काकांनी पूर्ण टेबल उलटं मांडलेलं, सगळे बारकोड वर 😭 मी आणि मैत्रिणीनं अर्धा तास बसून सरळ केलं, त्यांनी चहा पाजला.

पोवई_नाका:
साताऱ्यात ११ वर्षं पुस्तकाचं दुकान चालवून बंद केलेला माणूस बोलतोय, त्यामुळं माझं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवा.

वरच्या दादांची ती वही आहे ना, त्यातच सगळा धंदा आहे. अमेरिकेत कॉमिक्सची वेगळी दुकानं वाढली ती १९७३ नंतर, फिल सूलिंग नावाच्या माणसानं कंपन्यांकडनं थेट माल उचलायची पद्धत पाडली तिथनं. आधी पेपरच्या स्टॉलवर माल जायचा आणि न खपलेला परत यायचा. नव्या पद्धतीत कमिशन जास्त पण माल परत नाही, उरलं ते तुमच्या उरावर. मग दुकानदार काय करायला लागले, तर प्रत्येक गिऱ्हाइकाची यादी. तुला दर महिन्याला काय काय पाहिजे लिहून दे, मी तुझ्या नावानं बाजूला काढून ठेवतो. ऑर्डर त्या यादीवरनं द्यायची आणि चार-दोन प्रती वर. तिकडं त्याला पुल लिस्ट म्हणतात, मिरजेत जिन्याखाली वही म्हणत असतील.

मी नेमकं हेच केलं नाही. दिसेल ते चांगलं मागवलं, कपाटं भरली, लोक यायचे, "वा, काय कलेक्शन आहे" म्हणायचे आणि कंदी पेढे घेऊन घरी जायचे. आपल्याकडं बऱ्याच वितरकांकडं परतीची सोय असते पण ती किती महिन्यांची, वाहतूक कुणाची, हे कागदावर घ्या. आणि झेरॉक्स मशीन टाकाच, त्यात लाज कसली, लाइट बिल तेच भरंल. जमलं तर एकदा भिलारला जाऊन या, २०१७ पासनं तिथं पुस्तकांचं गाव आहे. विक्रीचं काही शिकायला नाही मिळणार पण घराघरात लोक पुस्तक घेऊन कसं निवांत बसतात ते बघा, बाकड्याची उंची ठरवायला उपयोग होईल.

कृष्णाकाठ:
रॅकचं माप विचारलंय ते कुणीच सांगंना म्हणून लिहितो. खालचा कप्पा जमिनीपासनं दीड-दोन फूट वर घ्या आणि भिंतीला चिकटवू नका, मागनं हवा फिरू दे. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा माझ्या टिंकल कॉमिक्सच्या दोन पेट्या खाटेखाली होत्या. पुढचं सांगत नाही.

पूर सोडा, नुसत्या पावसाळ्यातसुद्धा जुन्या कॉमिक्सच्या पिना गंजतात आणि मधलं पान सुटतं. सर्दावलेलं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत पॅक केलं तर आत बुरशी, म्हणून आधी पंख्याखाली वाळवा.

भडंगप्रेमी:
आमच्या गल्लीत तेव्हा पाणी आलं नव्हतं पण दोन फूट ठरलं. बाकडं पण सांगितलं, सहा फुटी. वही आणली, दोनशे पानी. वडलांना पोवई नाका साहेबांची पोस्ट वाचून दाखवली तर त्यांना त्यातलं फक्त झेरॉक्स मशीन ऐकू आलं 😅

अंगठी काका, तुमच्याकडं जुनी इंद्रजाल असतील तर दुकानात ठेवायला द्याल का? चांगला भाव देतो.

कवटीची_अंगठी:
विकायची नाहीत. दुकान उघडलं की शनिवारी संध्याकाळी पिशवीतनं आणत जाईन, बाकड्यावर बसून बघायची आणि जाताना मी परत नेणार. भडंग खाल्लेल्या हातानं कुणी शिवलं तर बघा.

ओनिगिरी_मिरज:
वहीत पहिलं नाव माझं लिहा. खंड ३ पासनं.